मोठ्या माशाचं फिलेट काढायला शिकताना

मासे कापायच्या कामावर नव्याने येणाऱ्याचं सगळं लक्ष सुरीकडे असतं. मला विचाराल तर सुरुवातीला फिलेट, म्हणजे सांगाड्यावरून सोडवलेला एका बाजूच्या मांसाचा अख्खा तुकडा, काढून उरलेले सांगाडे हातात घेऊन नीट बघावेत. मांस कुठे चिकटून राहिलंय, कुठला काटा कुठल्या दिशेने वळलाय, हे सांगाड्याइतकं स्पष्ट कोणीच सांगत नाही.

शेपटीपासून गुदद्वारापर्यंत मधल्या काट्यातून वर आणि खाली निघालेले काटे एकाच पातळीत असतात. तिथे सुरी सपाट ठेवून सरकवली की मांस सुटत जातं. तिथून डोक्याकडे मात्र पोटाची पोकळी सुरू होते आणि तिला बरगड्यांचा घेर असतो. सुरीला मधल्या काट्यावर चढून बरगड्यांच्या बाहेरच्या अंगाने खाली उतरावं लागतं. याच पुढच्या भागात मांसात घुसलेल्या बारीक काट्यांची एक ओळ असते. सामनसारख्या माशात ते फिलेट काढल्यावर चिमट्याने डोक्याच्या दिशेने तिरके ओढून काढतात. हा सगळा नकाशा डोळ्यांसमोर आणता आला की निम्मं काम झालं.

आता सुरी. लहान माशाला चालणारी १५ ते २० सेंटीमीटरची पातळ, लवचीक सुरी दहा-बारा किलोंच्या माशात वाकते आणि भरकटते. त्याला २५ ते ३० सेंटीमीटरचं, कमी लवणारं पातं हवं. डोकं तोडायला वेगळी जड सुरी ठेवा. तेच काम फिलेटच्या सुरीने केलं तर धारेला खाचा पडतात. सुरी पाजवायला आधी १००० नंबरचा दगड, मग ३००० ते ६००० मधला एखादा. दर बाजूला १५ ते २० अंशांचा कोन शेवटपर्यंत तोच राहिला पाहिजे. कामाच्या मध्ये गोल सळईवरून सुरी फिरवतात ती वळलेली धार सरळ करायला. गेलेली धार त्याने परत येत नाही, त्यासाठी दगडच लागतो. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी निसटली तर हातावरच येते. म्हणून नवख्याला बोथट सुरी द्यायची पद्धत मला मुळीच मान्य नाही.

कापायच्या आधी खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर काढून मासा कोरडा पुसून घ्या. कल्ल्यामागच्या पराला धरून, त्याच्या मागून डोक्याकडे तिरका काप मधल्या काट्यापर्यंत घ्या. मग पाठीच्या परालगत डोक्याकडून शेपटीकडे पहिला काप फक्त कातडीपुरता. दुसरा काप त्याच रेघेत, थोडा खोल. पात्याची पूर्ण लांबी वापरून लांब ओढ घ्यायची. करवतीसारखं मागेपुढे केलं की मांसावर पायऱ्या पडतात. मोकळ्या हाताने सुटलेलं मांस हलकेच उचलून धरा, म्हणजे आत दिसतं. पातं किंचित काट्याकडे झुकलेलं असेल तर टोक काट्यांवरून जाताना बारीक कर्रकर्र ऐकू येते. ती थांबली की सुरी काटा सोडून मांसात शिरली, असं समजा. तिथेच थांबून कोन सुधारा. गोंगाटाच्या जागी हीच कंप मुठीत जाणवते.

दुसरी बाजू नेहमीच अवघड जाते, कारण मासा उलटल्यावर खालचा मांसाचा आधार गेलेला असतो. सांगाडा मेजाला टेकेल असा ठेवून पातं आणखी आडवं धरा.

मोठ्या ट्यूनाचं असं अख्खं फिलेट सहसा काढत नाहीत. अंगाच्या मध्यरेषेवरून मधल्या काट्यापर्यंत चिरून दर बाजूचे दोन, असे चार लांब तुकडे काढतात. मध्यरेषेलगतचं गडद मांस लवकर काळपटतं, ते वेगळं करतात. ट्यूना गरम जागी राहिला तर जिवाणूंमुळे त्यात हिस्टामिन नावाचं, खाणाऱ्याला बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. त्यामुळे हात हळू चालत असेल तर एका वेळी एकच मासा बर्फातून बाहेर काढा.

मासा मेल्यानंतर काही तासांत ताठरतो. ताठ मासा दाबून सरळ केला तर मांसाचे थर जोडणारे पडदे फाटतात आणि फिलेटला भेगा पडतात. ताठरण्याआधी काढलेलं फिलेट नंतर आखडतं. घाई नसेल तर ताठरपणा उतरू द्यावा.

मोकळ्या हातात धातूच्या कड्यांचा किंवा काप न लागणारा हातमोजा घालाच. तो धार अडवतो, सुरीचं टोक किंवा पराचा काटा दरवेळी अडवेलच असं नाही. बर्फामुळे बोटं बधिर होतात आणि टोचलेलं कळतही नाही, म्हणून अधूनमधून हात गरम करून तपासा. काटा टोचला तर लगेच साबणाने धुवा. माशांवरच्या काही जिवाणूंचा संसर्ग काही तासांत वाढू लागतो, तर काहींची गाठ कित्येक आठवड्यांनी उठते आणि जुनं टोचणं तोवर विसरलेलं असतं. सूज किंवा लाली दिसली तर डॉक्टरांना आपण मासे कापतो हे आवर्जून सांगा, त्यावरून औषध बदलतं.