आधी उलटी करून पाहा: जुन्या बाजारात वस्तू पारखायची कशी

जुन्या बाजाराबद्दल सल्ला देणारे बहुतेक जण भावापासून सुरुवात करतात. निम्म्याला मागा, चेहऱ्यावर काही दाखवू नका, उठून चालू लागा म्हणजे तो मागून हाक मारेल. हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. वस्तू ओळखता येत नसेल तर निम्म्या भावात घेतलेलीही महागच पडते. ओळखता येत असेल तर घासाघीस दोन वाक्यांत संपते. दर आठवड्याला भरणाऱ्या अशा बाजारात मी कित्येक वर्षं जाते आहे, आणि माझं बाजारातलं यश-अपयश ठरतं ते एकाच वेळी: वस्तू हातात आहे, पैसे अजून खिशात आहेत, त्या पाच मिनिटांत. म्हणून हा लेख मुख्यतः त्या पाच मिनिटांचा आहे.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटा चुंबक, विजेरी, मोजपट्टी, चालू स्थितीतले दोन-तीन सेल आणि मऊ फडकं. बाकी तुम्हाला सुचेलच.

पहिली फेरी

पहाटे निवड मिळते, बाजार उठताना भाव मिळतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत, तेव्हा काय हवं ते घरूनच ठरवून निघा. पहिली फेरी काही न घेता मारा. नजर मांडून ठेवलेल्या वस्तूंवर कमी आणि टेबलाखालच्या खोक्यांवर जास्त ठेवा. जे वर मांडलंय ते विक्रेत्याने आधीच पारखलेलं असतं. खोक्यातलं त्यानेही नीट पाहिलेलं नसतं.

हातात घेतल्यावर

इथे मी स्वतः फसले होते. सुरुवातीच्या दिवसांत मी एक पितळी दुर्बीण घेतली. एकमेकींत सरकणाऱ्या तीन नळ्या, बाहेरून चामड्याचं वेष्टण, अंगावर वळणदार अक्षरांत कारखान्याचं नाव आणि खाली ठळक १९१५. चार महिने ती माझ्या टेबलावर होती. येणाऱ्या प्रत्येकाला मी ती दाखवत होते. मग एकदा आतली काच पुसायला पुढचं कडं फिरवून काढलं, तर आत चार बारीक स्क्रू. डोक्यावर फुलीची खाच असलेले, आपण ज्यांना स्टार स्क्रू म्हणतो ते. हा फिलिप्स पद्धतीचा स्क्रू कारखान्यांत आला १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९१५ साली बनलेल्या दुर्बिणीत तो असूच शकत नाही. नंतर कुणी दुरुस्तीत बसवला असेल, असं मी दोन दिवस मनाला समजावून पाहिलं. पण चारही स्क्रू सारखे होते, भोकांना दुसऱ्या आट्यांची खूण नव्हती, आणि चामड्याखालचं पितळ नळीच्या उघड्या भागाइतकंच काळं होतं. झाकलेलं पितळ आणि वर्षानुवर्षं हात लागलेलं पितळ सारखं काळवंडत नाही. ती वस्तू जुनी दिसावी म्हणूनच बनवली होती.

तेव्हापासून वस्तू हातात आली की मी आधी ती उलटी करते. दर्शनी बाजू विकण्यासाठी सजवलेली असते, बुडाकडे कुणी लक्ष देत नाही. स्क्रू, रिव्हेट, डाख दिलेल्या जागा, तळाची घासट, लेबल काढल्यावर राहिलेला डिंक, सगळं तिथे सापडतं. आणि अंगावर मोठ्या अक्षरांत साल कोरलेलं असेल तर माझा संशय वाढतो. जुने कारागीर नाव घालत, क्रमांक घालत, गाव घालत. नाणी, पदकं, बक्षिसाच्या आणि लष्करी वस्तू सोडल्या तर दर्शनी भागावर ठळक साल टाकायची त्यांना सहसा गरज नव्हती. ती गरज आज विकणाऱ्याला असते.

दुसरं, झीज कुठे आहे ते बघा. ही वस्तू माणूस रोज वापरत असेल तर कुठे धरेल, कुठे ठेवेल, कुठे अंगठा टेकवेल, हे हाताने करून पाहा. पेटी असेल तर झाकण उघडताना बोट जिथे लागतं तिथली कड गुळगुळीत हवी. खुर्ची असेल तर पायांची टोकं आणि पुढची आडवी पट्टी झिजलेली हवी, पाठीची मागची बाजू नव्हे. सगळीकडे सारखीच झीज दिसली तर ती घासकागदाने केलेली आहे, असं खुशाल समजा. तेच मळाचं. खरा मळ नक्षीच्या खाचांत घट्ट बसून दगडासारखा झालेला असतो. बोटाने पुसल्यावर काळी किंवा हिरवट भुकटी हाताला लागली तर बहुधा रसायन चोपडून वस्तू ‘म्हातारी’ केलेली आहे. पितळेवरचा खरा राप, म्हणजे वर्षानुवर्षं चढलेला काळसर थर, पुसून निघत नाही.

लाकडाच्या बाबतीत माझी आवडती कसोटी मोजपट्टीची आहे. लाकूड वाळत जातं तसं ते रेषांना आडवं जास्त आक्रसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे खरोखर जुनं, अखंड फळ्यांचं गोल टेबल तंतोतंत गोल राहत नाही. रेषांच्या दिशेने मोजा, मग आडवं मोजा. दोन मापांत थोडा फरक आला तर टेबलाने बरेच उन्हाळे-पावसाळे पाहिले आहेत. प्लायवूडवर हा नियम लावू नका.

आता चुंबक. चुंबकाबद्दल जितका चुकीचा सल्ला दिला जातो तितका दुसऱ्या कशाबद्दल नसेल. ‘चुंबक चिकटला नाही म्हणजे पितळ’ हे साफ चूक आहे. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा, एवढं नक्की. पण चिकटला नाही तर ते पितळ, तांबं, चांदी, ॲल्युमिनियम, जस्ताचं ओतकाम यांपैकी काहीही असू शकतं. चुंबक ‘हे नव्हे’ एवढंच सांगतो. पुढचं काम डोळ्यांचं. मुलामा सगळ्यात आधी कडांवर आणि उंचवट्यांवर उडतो, म्हणून भिंगाने तिथे पाहा. पिवळ्याखाली राखाडी डोकावलं तर बहुधा जस्त, पांढऱ्याखाली पिवळट दिसलं तर चांदीचा किंवा निकेलचा मुलामा. जर्मन सिल्व्हरच्या नावावर भुलू नका, त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. चांदीवर ९२५ किंवा ८०० असा आकडा असेल तर तो हजारी भागात चांदी किती ते सांगतो, पण आकड्याचा ठसा कुणीही मारू शकतो.

भरीव चांदीची खात्री घरी वजनकाट्यावर होते. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटीमीटर तिचं आकारमान. मूळ वजनाला त्या आकड्याने भागा. शुद्ध चांदी १०.५ च्या आसपास येते, ९२५ ची थोडी खाली, तांबं ८.९, पितळ साधारण साडेआठ. मी एकदा बाजारातून ४२ ग्रॅमची एक कडी आणली होती, पाण्यात आकडा ४ आला. भागाकार १०.५. वस्तू पोकळ असेल, आत लाख किंवा लाकूड भरलेलं असेल, तर ही पद्धत फसवते.

चिनीमातीला टिचकी मारा. तळहातावर तोलून धरा, काठावर नखाने हलकेच वाजवा. अखंड भांडं घंटेसारखं वाजून नाद लांबवतं. तडा असेल तर आवाज बसका, खोकल्यासारखा येतो. डोळ्याला न दिसणारा केसभर तडा कानाला लगेच कळतो. काठावरून बोट फिरवून उडालेली कपची शोधा, विजेरी आतून लावून बाहेरून पाहा. डिंकाने सांधलेली रेषा उजेडात दिसतेच.

छापील चित्र, नकाशा किंवा जुना फोटो म्हणून काही दाखवलं तर भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची बारीक फुलं दिसली की ती ऑफसेट, म्हणजे यंत्रावरची आधुनिक छपाई. हाताने कोरलेल्या पत्र्यावरून काढलेल्या छापात रेघा सलग असतात, आणि बऱ्याचदा चित्राभोवती कागदावर पत्र्याच्या कडेची दाबलेली चौकट बोटाला लागते. खऱ्या फोटोत ठिपके नसतात.

तळावर देशाचं नाव असेल तर ते वाचा, त्यातून वय बांधता येतं. परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालण्याची सक्ती अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने केली आणि १८९१ पासून ती लागू झाली, म्हणून नाव असलेली वस्तू बहुधा त्यानंतरची. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर वस्तू १९४९ ते १९९० मधली. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर महायुद्ध संपल्यानंतरची आणि १९५२ पर्यंतची. देशाचं नाव नाही म्हणजे वस्तू १८९१ पूर्वीची, असं मात्र कुणी सांगितलं तर ऐकू नका. कागदी लेबल कधीच गळून पडलेलं असू शकतं, किंवा वस्तू परदेशी गेलेलीच नसेल.

कॅमेऱ्याची भिंगं उजेडासमोर तिरकी धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ती काचेवरचा लेपही खाते, आणि तुमच्या इतर भिंगांजवळ ठेवली तर त्यांनाही धोका. मी अशी भिंगं फुकट मिळाली तरी घेत नाही.

काय घेऊच नये

जुनं हेल्मेट, लहान मुलांची गाडीतली खुर्ची, कापडी वेष्टणाची जुनी वीजवायर लगेच वापरण्यासाठी, आणि रंगाचे पोपडे निघालेली खेळणी, कारण जुन्या रंगात शिसं असायचं. आणखी एक गोष्ट गंभीरपणे सांगते. अंधारात चमकणाऱ्या आकड्यांच्या जुन्या घड्याळांत १९६० च्या दशकापर्यंत किरणोत्सारी रेडियमचा रंग वापरत. आता ते चमकत नसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. चमकणारा पदार्थ थकलेला असतो, रेडियम नाही. त्याचं अर्धं होण्याचा काळ सुमारे १६०० वर्षं आहे. असं घड्याळ घरी उघडू नका, काटे खरवडू नका.

भाव

तुम्हाला दिसलेला दोष विक्रेत्याला दाखवा, द्यायची रक्कम सांगा, आणि गप्प बसा. नाही म्हणाला तर आभार मानून निघा. वस्तूला नावं ठेवून भाव पाडणं मला आवडत नाही. समोरचा माणूस पहाटेपासून जमिनीवर बसलेला असतो.

बाजारातली माणसं

वस्तू कुठून आली, हे प्रत्येक वेळी विचारा. ‘एक घर रिकामं केलं त्यातली’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न: त्या घरातलं आणखी काय आहे? डब्याचं झाकण, घड्याळाची चावी, पेनाचं टोपण अशा हरवलेल्या गोष्टी मला याच प्रश्नाने मिळाल्या.

आणि तुम्हाला जे कळतं ते सांगत चला. एका विक्रेत्याकडे बिघडलेला म्हणून बाजूला टाकलेला कॅमेरा होता. बटण दाबलं जात नव्हतं. मी हातात घेतला, बटणाभोवतीची कडी फिरवली, ‘खट्’ झालं. कुलूप लावलेलं होतं, एवढंच. गुपचूप भंगाराच्या भावात घेता आला असता. मी त्याला दाखवलं, त्याने तो चालू म्हणून विकला. पुढच्या आठवड्यात त्याने माझ्यासाठी भिंगांचं एक खोकं बाजूला काढून ठेवलं होतं, दुसऱ्या कुणाला दाखवण्याआधी. आज तो माणूस माझा बाजारातला सगळ्यात जुना मित्र आहे.

मित्रमंडळी असतील तर गटाने जा, पण गटाने फिरू नका. पाच जण एका पथारीपुढे वाकले की ती वस्तू महाग होते आणि कुणालाच नीट दिसत नाही. दारातच पांगा, वेळ आणि जागा ठरवा. आम्ही शेवटी एका झाडाखाली चादर पसरतो आणि प्रत्येक जण आपली खरेदी मधोमध ठेवतो. घेणाऱ्याने काही बोलायचं नाही. बाकीच्यांनी वस्तू उलटी-पालटी करून ती काय आहे, कधीची आहे, कुठे दुरुस्त केली आहे ते सांगायचं, आणि मग घेणाऱ्याने आपलं म्हणणं मांडायचं. माझ्या डोळ्यांतून सुटलेले तडे मला त्या चादरीवर दिसले आहेत. अदलाबदलही तिथेच होते. गेल्या वेळी माझ्याकडे दोन सारख्या चाव्या आल्या होत्या. त्यातली एक आमच्यातल्या एकाच्या बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाला बसेल असं वाटलं. त्याने घरी जाऊन हलक्या हाताने चावी दिली आणि लंबकाचा आवाज फोनवर ऐकवला.

घरी आल्यावर

पहिल्या दिवशी घासूपुसू नका. कोरड्या फडक्याने धूळ काढा आणि थांबा. पॉलिश लावून राप एकदा काढला की परत येत नाही, आणि जाणकार गिऱ्हाईक त्या रापासाठीच पैसे मोजतं. पुस्तकं आणि लाकडी वस्तू घरातल्या बाकी सामानात मिसळण्याआधी दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा, मधूनमधून त्यांच्याखाली पांढरा कागद घालून पाहा. कागदावर पिठासारखी बारीक भुकटी पडली तर आत कीड जिवंत आहे.