ब्लाउज ३६, म्हणून ब्राही ३६? माप घेताना या चुका टाळा

दुकानात काउंटरपलीकडून "नंबर?" असं विचारलं जातं आणि बहुतेकजणी ब्लाउजचा नंबर सांगून मोकळ्या होतात. माप चुकायला सुरुवात होते ती इथेच. टेलर ब्लाउजसाठी छातीचा सगळ्यात भरलेला घेर घेतो. ब्राच्या लेबलवरचा आकडा मात्र छातीखालून जाणाऱ्या बँडचा असतो. ही दोन वेगळी मापं आहेत आणि एकावरून दुसरं काढता येत नाही.

३६ चा ब्लाउज घालणाऱ्या दोघी घेऊ. पहिलीचा छातीखालचा घेर ७६ सेंमी, म्हणजे साधारण ३० इंच. तिला ३४बी बसते (३४ हा बँडचा नंबर, बी हे कपच्या मापाचं अक्षर). दुसरी बरगड्यांनी बारीक, घेर ७२ सेंमी. तिला लागते ३२डी. दोघींनी ३६बी घेतली तर पहिलीला बँडही ढिला आणि कपही थोडा मोठा होईल. दुसरीला कप पुरेल, पण बँड दिवसभर पाठीवर चढत राहील आणि ती दोष देईल पट्ट्यांना.

लेबलवरचा ३४ म्हणजे ३४ इंच नव्हे

सर्वात जास्त गोंधळ इथे आहे. अनेक पाकिटांवर ३४ च्या शेजारी ७५ लिहिलेलं दिसतं. हा ७५ म्हणजे छातीखालचा घेर सेंटिमीटरमध्ये. ७५ सेंमी म्हणजे साडेएकोणतीस इंच. लेबलवरचा नंबर हा प्रत्यक्ष घेरापेक्षा चार-पाच इंचांनी मोठा असतो, आणि आपल्याकडचे बहुतेक तक्ते याच पद्धतीने चालतात. छातीखालचा घेर ६३ ते ६७ सेंमी असेल तर बँड ३०, ६८ ते ७२ ला ३२, ७३ ते ७७ ला ३४, ७८ ते ८२ ला ३६, ८३ ते ८७ ला ३८ आणि ८८ ते ९२ ला ४०. ब्रँडनुसार सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे होतं, म्हणून ज्या ब्रँडची घ्यायची त्याचाच तक्ता बघा.

इंटरनेटवरचे काही कॅल्क्युलेटर मात्र वेगळ्या पद्धतीने चालतात. त्यांत छातीखालचा घेर ३० इंच असेल तर बँडही ३० च धरतात आणि कपचं अक्षर त्यानुसार मोठं येतं. वरच्या उदाहरणातल्या पहिल्या बाईला असा कॅल्क्युलेटर ३०ई सांगेल. ते वाचून ती दचकते, "ई कसा असेल, मी तर बीच घालते" म्हणते आणि ३०बी मागवते. बँड एका पद्धतीचा, कप दुसऱ्या पद्धतीचा. आपल्या तक्त्यातला ३० चा बँड ६५ सेंमीच्या घेरासाठी असतो. तो तिला हुकापर्यंतसुद्धा पोचणार नाही आणि कप तिच्या गरजेपेक्षा कितीतरी लहान निघेल. बँड आणि कप नेहमी एकाच तक्त्यातून काढा.

टेप आणि ती धरण्याची पद्धत

शिवणकामाच्या डब्यातली जुनी टेप वापरण्याआधी स्टीलच्या पट्टीला लावून पहिले ३० सेंमी तपासा. कापडी आणि प्लॅस्टिकची टेप वर्षानुवर्षांच्या वापराने ताणते. बऱ्याच टेपवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात आणि दोन्हींची सुरुवात वेगवेगळ्या टोकांपासून होते. टेप मागून फिरवताना ती उलटली की आकडा भलताच येतो. सुतारकामाची लोखंडी टेप अंगाला वळत नाही, ती नको. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून खूण करा आणि पट्टीवर मोजा. पण ताणणारी लोकर किंवा इलॅस्टिक घेऊ नका.

कुर्त्यावरून किंवा पॅडेड ब्रावरून माप घेतलं तर कापडाचा आणि स्पंजचा घेर आपल्या नावावर जमा होतो. ब्रा न घालता माप घ्या. नाहीच जमलं तर पातळ, बिनपॅडची आणि घट्ट न आवळणारी ब्रा चालेल.

छातीखालचं माप घेताना टेप स्तन जिथे संपतात तिथे बरगड्यांना लागून हवी. समोरून ती जागेवर असते आणि मागे पाठीवर घसरून खाली जाते. ही सर्वात नेहमीची चूक आहे. आरशासमोर बाजूने उभं राहून टेप जमिनीला समांतर आहे का ते बघा, किंवा घरातल्या कुणाला मागून धरायला सांगा. श्वास सोडून आकडा वाचा. टेप अंगाला चिकटलेली हवी, पण त्वचेत रुतायला नको. छाती फुगवून माप घेतलं तर बँड एक नंबर मोठा येऊ शकतो.

छातीचं माप घेताना मात्र टेप ताणू नका. सगळ्यात भरलेल्या जागी ती नुसती टेकलेली असावी. हात खाली सोडा. टेप धरण्यासाठी हात वर उचलले की स्तनही वर ओढले जातात आणि माप बदलतं. स्तन मऊ किंवा ओघळलेले असतील, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा वजन उतरल्यावर, तर उभ्याने घेतलेलं माप कमी येतं. अशा वेळी कमरेतून पुढे वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून दुसरं माप घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा.

आकडे लगेच पूर्णांकात बसवू नका. अर्धा इंच इकडे आणि अर्धा तिकडे झाला की कपचं अख्खं अक्षर बदलतं. छातीचा घेर इंचात घ्या आणि त्यातून बँडचा नंबर वजा करा. फरक १ इंच असेल तर ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी. पडताळा हवा असेल तर छातीच्या घेरातून छातीखालचा घेर सेंटिमीटरमध्ये वजा करा. १२ ते १४ सेंमी म्हणजे ए, १४ ते १६ बी, १६ ते १८ सी, १८ ते २० डी. दोन हिशेबांत एका अक्षराचा फरक आला तर तुम्ही सीमेवर आहात. दोन्ही घालून बघा.

लेबलवर नुसताच ३४ छापलेला असेल, अक्षर नसेल, तर कप बहुतेक वेळा बीच्या बेताचा असतो. सी किंवा डी लागणाऱ्या बाईने अशी ब्रा घेतली की कप कमी पडतो, मग ती ३६ घेते. कप भरून निघतो, पण बँड ढिला होतो.

घातल्यावर काय बघायचं

माप म्हणजे फक्त सुरुवात. घातलेली ब्रा खरं काय ते सांगते, पण ती नीट घातलेली असेल तरच. हुक लावल्यावर थोडं वाका, काखेकडचा आणि खालचा भाग हाताने कपमध्ये घ्या, मग सरळ उभ्या राहा. हे केलं नाही तर लहान कपही बरोबर वाटतो.

नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर बसली पाहिजे. इलॅस्टिक कालांतराने सैल होतं, तेव्हा आतले हुक कामी येतात. नवी ब्रा आतल्या हुकावरच नीट बसत असेल तर पुढे आवळायला जागाच उरत नाही. बँडखाली मागून दोन बोटं जावीत, मूठ नव्हे.

खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठतात, दुखतं. अशा वेळी बायका पट्ट्या सैल करतात किंवा रुंद पट्ट्यांची ब्रा घेतात. दोष बहुतेकदा बँडचा असतो. छातीचा भार मुख्यतः बँडने उचलायचा असतो. बँड ढिला असला की सगळं ओझं खांद्यांवर येतं. हात वर केल्यावर मागचा बँड वर सरकत असेल तर तो नक्की मोठा आहे. एक नंबर लहान बँड घ्या, पण त्यासोबत कप एक अक्षर वाढवा. ३४बी, ३२सी आणि ३६ए या तिन्हींत कपात मावणारा भाग सारखाच असतो. कप तसाच ठेवून नुसता बँड कमी केला तर कप लहान होतो. उलट बँड आवळत असेल आणि कप बरोबर असेल तर बँड वाढवा आणि अक्षर एकाने कमी करा. थोडाच आवळत असेल तर हुकांचा जोडपट्टा लावून बघा. तो दोन हुकांचा आणि तीन हुकांचा असा मिळतो, आपल्या ब्राच्या हुकांची संख्या मोजूनच घ्या.

वरून किंवा काखेतून मांस बाहेर येत असेल तर कप लहान आहे. वरच्या बाजूला कप चुरगळत असेल तर तो मोठा असेल असं लगेच धरू नका. पट्ट्या आधी आवळून बघा. तरीही जागा उरली तर अक्षर कमी करा. अंडरवायर ब्राची वायर स्तनाच्या बाहेरून, बरगडीवर टेकली पाहिजे. ती स्तनावर टोचत असेल तर कप कमी पडतोय. दोन कपांमधला भागही छातीच्या हाडाला टेकायला हवा. हा नियम वायरच्या ब्राचा आहे. साध्या सुती, बिनवायरच्या ब्रात मधला भाग थोडा वर राहिला तर त्यात दोष नाही.

ट्रायलची सोय नसलेल्या दुकानातून घेताना परत करता येईल का, ते आधी विचारा. घरी पातळ बनियनवर घालून बघा, म्हणजे कापड खराब होत नाही. वरच्या उदाहरणातल्या ३४बीला शेजारची ३२सी आणि ३६ए पण घालून बघावी. एकाच ब्रँडच्या दोन डिझाइनमध्येही फिटिंग वेगळं निघतं.

माप कधी घ्यावं

पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन सुजल्यासारखे होतात. त्या दिवसांत घेतलेलं माप पुढे ढगळ पडतं. पाळी संपल्यानंतरचा आठवडा बरा. गरोदरपणात छातीबरोबर बरगड्यांचा घेरही वाढतो, म्हणून एकदाच घेतलेल्या मापावर नऊ महिने काढू नका. दूध पाजतानाची ब्रा आठव्या-नवव्या महिन्यात मोजून एकच घ्या. बाकीच्या बाळ झाल्यावर, दूध यायला लागून काही आठवडे गेल्यावर घ्या. घट्ट ब्राने दुधाच्या गाठी होऊ शकतात. वयात येणाऱ्या मुलींची मापं भरभर बदलतात. त्यांना चार-सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. "अजून बसतेय ना" हे कारण पुरेसं नाही.

दोन्ही स्तन अगदी सारखे नसणं नेहमीचं आहे. ब्रा मोठ्या स्तनाच्या मापाने घ्या, दुसऱ्या बाजूला काढता-घालता येणारं पॅड ठेवा. एकाच बाजूचा आकार अलीकडेच बदलला असेल किंवा माप घेताना गाठ हाताला लागली तर डॉक्टरांना दाखवा.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बँडखाली घाम साचून पुरळ उठतं. त्यावर उपाय म्हणून एकदम दोन नंबर मोठी ब्रा घेऊ नका. ढिला बँड घासत राहतो आणि पुरळ वाढतं. सुती कापड आणि दिवसातून एकदा कोरडी ब्रा बदलणं जास्त उपयोगी पडतं. पुरळ जात नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

परदेशातून मागवताना किंवा तिथल्या दुकानात घेताना अक्षर जसंच्या तसं उचलू नका. आपली ३४बी फ्रान्समध्ये ९०बी, युरोपातल्या बऱ्याच देशांत ७५बी आणि ऑस्ट्रेलियात १२बी असते. डीपर्यंत अक्षरं बहुतेक ठिकाणी जुळतात, त्यापुढे नाहीत. ब्रिटनमध्ये डीनंतर डीडी आणि मग ई येतं, युरोपात डीनंतर थेट ई. ब्रिटनची ३४डीडी म्हणजे युरोपची ७५ई.