समुद्रकाठचं वीजकेंद्र आणि मासोळीचा हिशोब: विदर्भातून या कामात येणाऱ्यांसाठी

मूल, सिंदेवाही, अर्जुनी मोरगाव, साकोली या पट्ट्यातल्या मुलांना मत्स्यजिरे म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून मामा (माजी मालगुजारी) तलावात सोडायला आणतात ते पाच-सात मिलिमीटरचे जीव, डोळ्यांचे दोन काळे ठिपके तेवढे दिसतात. आता साडेनऊ मिलिमीटर छिद्राची लोखंडी जाळी नजरेसमोर आणा. वीजकेंद्र समुद्रातून पाणी घेतं त्या तोंडावर फिरत्या जाळ्या असतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची छिद्रं एवढीच असतात. बोटुकली जाळीवर चिकटते, जिरे आरपार जातात. चिकटणाऱ्यांचा हिशोब वेगळा आणि आत ओढल्या जाणाऱ्यांचा वेगळा. अहवालात पहिल्याला इम्पिंजमेंट म्हणतात, दुसऱ्याला एन्ट्रेनमेंट. तिसरी बाब बाहेर पडणारं गरम पाणी आणि चौथी त्यातला क्लोरीन, जो आत शिंपले-शेवाळ वाढू नये म्हणून सोडतात. वीजकेंद्राच्या पाण्यामुळे मासळीचं किती नुकसान होतं ते मोजणं हे आपलं काम, आणि या चार गोष्टी मोजता आल्या की त्याचा मोठा भाग हाती आला.

पण हे समुद्रकाठीच का? चंद्रपूर, कोराडी, तिरोडा इथली केंद्रं पाणी कूलिंग टॉवरमधून फिरवून पुन्हापुन्हा वापरतात, फक्त वाफ होऊन गेलेलं आणि सोडून दिलेलं पाणी भरून काढतात. २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेत अशा जुन्या केंद्रांना प्रति मेगावॉट-तास ३.५ घनमीटरची मर्यादा घातली आहे. म्हणजे ५०० मेगावॉटला तासाला १,७५० घनमीटर. समुद्रकाठी मात्र पाणी एकदाच आत घ्यायचं, कंडेन्सरमधून (टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या यंत्रातून) काढायचं आणि परत सोडायचं, अशी पद्धत चालते. तिचा आकडा स्वतः काढून बघा. ५०० मेगावॉटच्या कोळसा केंद्राच्या कंडेन्सरमधून साधारण ६५० मेगावॉट उष्णता बाहेर जाते. पाणी ७ अंशांनीच तापू द्यायचं असेल तर सेकंदाला सुमारे २३ घनमीटर लागतं. तासाला झालं ८२,५०० घनमीटर, म्हणजे टॉवरवाल्या केंद्राच्या ४५ पटींहून जास्त. हे गणित आधी करायचं, कारण पुढचा प्रत्येक आकडा याच पाण्यावर उभा राहतो. मासे किती मेले हे नुसतं सांगून भागत नाही, किती पाण्यामागे मेले ते सांगावं लागतं.

कायद्याचे आकडे पाठच असू द्या. समुद्राचं पाणी वापरणाऱ्या नव्या केंद्रांनी सोडलेल्या पाण्यामुळे समुद्राचं तापमान ७ अंशांपेक्षा जास्त वाढू नये. कंडेन्सरच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आत हवा. जाळीतून जाणाऱ्या पाण्याच्या वेगासाठी अमेरिकेच्या नियमातला सेकंदाला ०.१५ मीटरचा आकडा सगळीकडे दाखला म्हणून घेतात, कारण एवढ्या वेगात बहुतेक मासे पोहून सुटू शकतात. २३ घनमीटर पाणी त्या वेगाने घ्यायचं तर जाळीचं उघडं क्षेत्र १५० चौरस मीटरच्या वर लागतं. नकाशावरचं क्षेत्र यापेक्षा बरंच कमी दिसलं की मासे कुठे अडकणार ते तिथेच कळतं. आणि नकाशातलं क्षेत्र म्हणजे उघडं क्षेत्र नव्हे. तारांची जाडी आणि शिंपल्यांनी बुजलेली छिद्रं त्यातून वजा करायची.

जाळीवरचं काम अंगमेहनतीचं आहे आणि घाण आहे. फिरती जाळी एरवी आपोआप चालते. तिच्या आतबाहेरच्या पाण्याच्या पातळीत ठरावीक फरक पडला की ती फिरते, फवाऱ्याने धुतली जाते आणि कचरा-मासे पन्हळीतून वाहून जातात. नमुना २४ तासांचा घ्या. सुरुवातीला जाळ्या पूर्ण धुऊन घ्या, पन्हळीच्या तोंडाशी जाळीची टोपली बांधा आणि दर सहा तासांनी ती रिकामी करा. दिवस-रात्र वेगळी ठेवा, कारण रात्रीचा आकडा पुष्कळदा वेगळा येतो. जाळीच्या जवळ जाण्याआधी कामाचा लेखी परवाना घ्या आणि यंत्र हाताने बंद केलेलं आहे याची खात्री ऑपरेटरकडून समोरासमोर करून घ्या. फोनवरच्या 'हो'वर विसंबून राहू नका.

टोपलीत सगळेच मासे जाळीने मारलेले नसतात. होड्यांवरून फेकलेली मेलेली मासळीही वाहत येते. कल्ला उघडून बघा: लालभडक असेल, डोळा पारदर्शक आणि फुगीर असेल तर मासा नुकता मेलाय. कल्ला मातकट, डोळा पांढरा पडून खोल गेलेला, पोट मऊ, असा मासा वेगळ्या रकान्यात टाका. मांदेलीचे खवले हात लावताच गळतात. त्यामुळे खवले गेलेत एवढ्यावरून तिला जुनी ठरवू नका. कासव सापडलं तर ते नमुना म्हणून ठेवायचं नसतं, वन विभागाला कळवायचं असतं.

आणखी एक पाऊल नवखे हमखास विसरतात. टोपलीत येण्याआधीच काही मासे निसटतात, फाटक्या जाळीतून किंवा पन्हळीच्या फटीतून. म्हणून रंग लावलेले १०० मेलेले मासे जाळीच्या पुढे सोडा आणि किती परत मिळतात ते मोजा. समजा ७० मिळाले आणि त्या दिवशी टोपलीत ४२० मासे होते. खरा आकडा ४२० भागिले ०.७, म्हणजे ६००. सगळे पंप चालू असतील तर तासाला ८२,५०० च्या हिशोबाने दिवसाला १९.८ लाख घनमीटर पाणी आत गेलं. दर लाख घनमीटरला ३० मासे झाले. केंद्राची दोन सारखी युनिट असून त्या दिवशी एक बंद असेल तर पाणी निम्म्यावर येतं आणि तेच ६०० मासे दर लाखाला ६० होतात. पंपांची नोंदवही कंट्रोल रूममधून रोज मागायची ती याचसाठी. नंतर मागितली की महिन्याची सरासरी हातात देतात, आणि सरासरीतून यातलं काहीच निघत नाही.

अंडी-पिल्लांसाठी ३०० ते ५०० मायक्रॉन जाळीचं प्लवकजाळं, म्हणजे पाण्यातले बारीक जीव गाळून घेणारं जाळं, वापरतात. तोंडाचा व्यास ६० सेंटीमीटर असेल तर क्षेत्र ०.२८३ चौरस मीटर. तोंडात प्रवाहमापक बसवायचा, मधोमध नाही, कडेकडे थोडा सरकवून, कारण मधला वेग तोंडाच्या सरासरी वेगाशी जुळत नाही. जाळं सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने पाच मिनिटं ओढलं की ३०० मीटर अंतर होतं आणि ८५ घनमीटर पाणी गाळलं जातं. कोकणच्या खाड्यांत गाळ, जेलीफिश आणि जवळा यांनी जाळं दोन मिनिटांतही तुंबतं. तुंबलं की पाणी आत न जाता बाजूने वळतं आणि मापकाचे आकडे घसरतात. म्हणून दुसरा मापक जाळ्याच्या बाहेर बांधा. आतला बाहेरच्यापेक्षा फारच मागे पडला तर तो नमुना टाकून द्या आणि कमी वेळ ओढा. तुंबलेल्या जाळ्याचा नमुना 'दुरुस्त' करून वापरण्याचा मोह होतो. तो आवरा.

नमुना लगेच बोरॅक्स घातलेल्या ५ टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाका. बाजारातलं फॉर्मॅलिन म्हणजे मुळातच ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचं द्रावण असतं. त्याचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे १९ भाग घेतले की ते ५ टक्के फॉर्मॅलिन होतं, ५ टक्के फॉर्माल्डिहाइड होत नाही. हा घोळ चांगल्या प्रयोगशाळांतही होतो. बोरॅक्स नसेल तर आम्लाने कानातले खडे, म्हणजे ओटोलिथ, विरघळतात आणि पिल्लाचं वय कळण्याची वाट बंद होते. जाती डीएनएवरून ठरवायच्या असतील तर वेगळा नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमधल्या नमुन्यातून डीएनए नीट मिळत नाही. बाटलीचा तिसरा हिस्साच जीवांनी भरा, आणि चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका. बाहेरच्या लेबलवरची शाई फॉर्मॅलिनचा एक थेंबही सोसत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी आतडं बघा. तारली आणि मांदेली यांच्या कुळांतल्या पिल्लांचं आतडं लांब, सरळ असतं आणि गुदद्वार शरीराच्या पार मागच्या भागात उघडतं. पुष्कळशा इतर कुळांत आतडं आखूड असून गुंडाळलेलं असतं. एवढ्या एका खुणेवरही ढीग निम्मा वेगळा होतो. रोहू-कतलाचे जिरे ज्याने लहानपणापासून पाहिलेत त्याची नजर इथे लवकर बसते.

आता आकड्यांची गंमत बघा, कारण इथे अहवाल खऱ्याचे खोटे होतात. समजा वरच्या ८५ घनमीटरच्या नमुन्याचा चौथा भाग मोजला, ३४ पिल्लं मिळाली. पूर्ण नमुन्यात १३६, म्हणजे घनमीटरला १.६. दिवसाला १९.८ लाख घनमीटर पाणी आत जातं, तर ३१ लाखांवर पिल्लं आत गेली. हा आकडा वर्तमानपत्रात शोभतो. केंद्राचा सल्लागार मग म्हणतो की यातली बहुतेक तशीही मेलीच असती, आणि ते खरं असतं. पिल्लांपासून प्रौढ मासा होण्याचं प्रमाण दहा हजारात एक धरलं तर दिवसाला ३१७ प्रौढ माशांचं नुकसान निघतं, हजारात एक धरलं तर ३,१६८. पाणी तेच, पिल्लं तीच, फक्त एका गृहीतकाने दहापट फरक पडला. म्हणून त्या प्रमाणाचा आधार आणि दोन्ही टोकं अहवालात दिसलीच पाहिजेत.

दुसरी पद्धत आमच्या मते जास्त प्रामाणिक आहे. आसपासच्या पाण्यात जेवढी पिल्लं आहेत त्यांपैकी रोज किती टक्के आत जातात ते काढायचं. समजा रोज ०.२ टक्के जातात, आणि पिल्लू जाळीतून जाण्याएवढं लहान २० दिवस राहतं. ०.९९८ चा २० वा घात ०.९६१ येतो, म्हणजे जवळपास ३.९ टक्के पिल्लं गेली. इथे प्रौढ किती होतील हे गृहीत धरावं लागत नाही. मात्र 'आसपासचं पाणी' कुठपर्यंत, हे ठरवताना भांडण होतं. हद्द मोठी आखली की टक्केवारी आपोआप लहान होते.

गरम पाण्याचं मोजमाप सोपं वाटतं आणि तिथेच फसगत होते. वर्धा किंवा वैनगंगेवर काम असेल तर केंद्राच्या वरच्या अंगाला एक ठिकाण आणि खालच्या अंगाला दोन-तीन ठिकाणं घेतली की तुलना होते. समुद्राला वरचं आणि खालचं अंग नसतं. भरतीत पाणी एकीकडे जातं, ओहोटीत उलट. सकाळी जे ठिकाण 'स्वच्छ' म्हणून निवडलं त्याच्यावर दुपारी गरम पाण्याचा पट्टा येतो. म्हणून तुलनेची ठिकाणं दोन्ही दिशांना, पट्ट्याच्या पलीकडे, एकापेक्षा जास्त ठेवा. कंडेन्सरच्या आतबाहेरचा फरक बरोबर दिसतो म्हणून समाधान मानू नका. सोडलेलं पाणीच फिरून पुन्हा आत येत असेल तर फरक तेवढाच राहतो आणि किनारा मात्र तापत जातो.

भरती-ओहोटीसाठी विदर्भातल्या माणसाकडे पंचांग असतंच. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान. उधाणात प्रवाह जोरात असतो आणि पाणी चांगलं मिसळतं, भांगात गरम पाणी वर तरंगत पसरतं. दोन्हींत मोजा, आणि पृष्ठभागाजवळ, मध्ये व तळाशी अशा तिन्ही खोलींवर. भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. म्हणून 'रोज सकाळी ९ वाजता' असं वेळापत्रक लावलं की आठवड्याभरात सगळ्या नमुन्यांची सरमिसळ होते. तापमापक पाण्यात टाकण्याआधी सगळे एकाच बादलीत ठेवून एकमेकांशी जुळवा. परत काढताना त्यांच्यावर शिंपले किती बसलेत याचा फोटो घ्या. जाड थर बसला की तापमानाचे चढउतार उशिरा आणि दबलेले उमटतात.

क्लोरीन जागेवरच मोजावा लागतो. नमुना प्रयोगशाळेत नेईपर्यंत तो उडालेला असतो. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असतं आणि क्लोरीन त्यापासून ब्रोमीन तयार करतो. म्हणून डीपीडी किटने (पाण्याच्या रंगावरून मोजणाऱ्या संचाने) एकूण अवशिष्ट ऑक्सिडंट, म्हणजे उरलेला क्लोरीन-ब्रोमीन मिळून, मोजा आणि डोस देण्याच्या वेळा लिहून ठेवा. डोस नसलेल्या वेळी घेतलेला 'शून्य' काही सांगत नाही.

हे शिकायला लगेच कोकणात जायची गरज नाही. नागपूरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला दुसरं, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्यांनाही या कामात येता येतं. मात्र पोहणं, सांख्यिकी आणि ओळखीच्या खुणांचे तक्ते वाचून जात ठरवणं या तिन्ही गोष्टी यायला हव्यात. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचे अहवाल मान्यताप्राप्त सल्लागार संस्थाच करू शकतात, त्यामुळे नवख्याची पहिली जागा बहुधा तिथल्या फील्ड टीममध्ये असते. त्याआधी गावातच सराव होतो. मच्छीमार सहकारी संस्थेची परवानगी घेऊन कालव्याच्या तोंडाशी घरगुती प्लवकजाळं बांधा, पाण्याचा वेग तरंगत्या संत्र्याने मोजा, दर तासाला नमुना घ्या आणि दर १०० घनमीटरला किती जीव निघतात ते काढा. ढीवर मंडळींना विचारा, कोणत्या महिन्यात कोणती मासोळी कुठे सापडते. त्यांचं उत्तर तुमच्या आकड्यांशी जुळत नसेल तर आधी आपलं जाळं तपासा.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, होड्या मिळत नाहीत आणि समुद्र खवळलेला असतो. बहुतेक अहवालांत हे दोन महिने कोरे दिसतात, कारण होडी नाही तर नमुना नाही असं धरून चालतात. पण केंद्राचे पंप पावसाळ्यातही चालतात आणि खाडीत येणारी पिल्लं तेव्हाही ओढली जातात. या काळात होडी लागत नाही असं ठिकाण निवडा: पंपांच्या अलीकडच्या हौदात कठड्यावरून प्लवकजाळं सोडा, पाणी आतल्या दिशेने वाहतंच. जाळं कठड्याला दोन दोरांनी बांधा, एक तुटला तर ते पंपाच्या तोंडाशी जायला नको. अंगावर लाइफ जॅकेट ठेवा, आणि दर वेळी मापकाच्या आकड्याशेजारी किती पंप चालू होते ते लिहा.