मुलाची फाईल वेगळी ठेवा

घटस्फोटासाठी आलेला पक्षकार आधी भांडण सांगतो. कोण काय बोललं, लग्नात कुणाचा मान राहिला नाही, सासूने काय केलं. सगळं ऐकून घ्या, टिपून ठेवा, पण त्याच दिवशी अर्ज लिहायला बसू नका. सातारा-सांगलीत नव्याने कौटुंबिक कामं घेणाऱ्या वकिलांना माझा एकच आग्रह आहे: मूल असेल तर त्याची फाईल पहिल्याच दिवशी वेगळी करा आणि कोर्टातल्या पहिल्या तारखेपर्यंतचा जास्त वेळ तिला द्या. नवरा-बायकोचा वाद वर्षानुवर्षं चालू शकतो, मुलाचं शाळेचं वर्ष कुणासाठी थांबत नाही.

दोघे हिंदू विवाह कायद्याखालचे आहेत असं धरून पुढे लिहितो. लग्नाला वर्ष झालं आहे का ते बघा, नाहीतर कलम १४ आडवं येतं. मग कोर्ट ठरवा. लग्न जिथे लागलं, शेवटचा एकत्र संसार जिथे झाला, जाबदार (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो) जिथे राहतो किंवा पत्नी अर्जदार असेल तर ती आज जिथे राहते, यातलं एक ठिकाण जुळलं तरी घटस्फोटाचा अर्ज तिथे चालतो. मुलाच्या ताब्याचं तसं नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली स्वतंत्र अर्ज करायचा तर मूल साधारणपणे राहतं तिथलंच कोर्ट लागतं. आई मुलाला विट्याहून कराडला माहेरी घेऊन आली असेल तर कधी आली, नव्या शाळेत नाव कधी घातलं, याचे कागद पहिल्याच भेटीत मागून घ्या. समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच करतो. घटस्फोटाचा अर्ज आधीच चालू असेल तर ताबा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्यातच मागणं बरं.

आता मुलाची फाईल. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, शाळेचं बोनाफाईड, प्रगतिपुस्तक, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फीच्या पावत्या आणि ती फी कुणाच्या खात्यातून गेली त्याचा उतारा. एवढ्यावर मात्र थांबू नका. मुलाचा एक साधा दिवस पक्षकाराकडून तासातासाने लिहून घ्या: उठवतं कोण, डबा कोण करतं, शाळेच्या गाडीपर्यंत कोण सोडतं, अभ्यास कोण घेतं, ताप आला की रात्री कोण जागतं. हे सांगताना जो पालक अडखळतो, त्याची बाजू कुठे लंगडी आहे ते तुम्हाला कोर्टाच्या आधी कळतं. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम ६ प्रमाणे ताबा सहसा आईकडे राहतो, पण कलम १३ प्रमाणे मुलाचं हित सगळ्यात वर आहे. तुम्ही वडिलांच्या बाजूने असाल आणि ते गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परराज्यात असतील, तर मूल प्रत्यक्षात आजीच सांभाळणार. मग आजीची तब्येत, घरातली माणसं, शाळेचं अंतर, सगळं शपथपत्रात यायला हवं.

भेटींचा आराखडा स्वतः लिहून न्या. कोणता रविवार, किती वाजता, कुठे, मुलाला आणणार कोण, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, गावच्या यात्रेला मूल कुणाकडे, व्हिडिओ कॉल कोणत्या वेळी. व्हिडिओ कॉलवरच्या संपर्काचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू निकालात स्पष्ट सांगितला आहे. पोलीस ठाण्याच्या दारात मुलाची ने-आण होईल अशी अट कधीही मान्य करू नका. मुलाला काही पढवायचं नाही, हे पक्षकाराला स्पष्ट शब्दांत सांगा. न्यायाधीश चेंबरमध्ये मुलाशी बोलतात तेव्हा पढवलेलं वाक्य लगेच ओळखू येतं, आणि त्याचं ओझं त्या लेकरावर राहतं.

पोटगीसाठी रजनेश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) या निकालातल्या नमुन्यातलं उत्पन्न-मालमत्तेचं शपथपत्र अर्जाबरोबरच जोडा. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून अर्ज लांबवू नका. आपल्याकडे पगाराची स्लिप क्वचितच हाताला लागते. ऊस असेल तर सातबारा, आठ-अ आणि कारखान्याची बिलं. तासगावकडे बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या. गलाईवाला असेल तर दुकानाचा परवाना, जीएसटी, बँकेचे उतारे आणि गावात नवं बांधलेलं घर. जमीन सासऱ्याच्या नावावर असली तरी ती कसतो कोण आणि बिल कुणाच्या खात्यात पडतं ते शोधा. नवरा फौजेत असेल तर आर्मी अॅक्टच्या कलम २८ मुळे हुकूमनाम्यासाठी पगारावर जप्ती येत नाही. मात्र बायको-मुलांच्या पोटगीची कपात कलम ९० खाली (जवान असेल तर कलम ९१ खाली) लष्करी अधिकाऱ्यांमार्फत होऊ शकते, तेव्हा त्याचा सर्व्हिस नंबर आणि युनिटचा पत्ता लिहून ठेवा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ चा अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायदाच म्हणतो. पण नोटीस बजावलीच गेली नाही तर हे दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. म्हणून गावचा, धंद्याच्या जागेचा, जमलं तर नातेवाइकाचाही पत्ता द्या.

मोबाईलमधले मेसेज आणि रेकॉर्डिंग असतील तर मूळ मोबाईल जपून ठेवायला सांगा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, दुसरा भाग तज्ज्ञाच्या सहीचा. नुसते स्क्रीनशॉट छापून निशाणी पडत नाही, म्हणजे ते पुरावा म्हणून नोंदले जात नाहीत.

अशील महिला असेल तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे तिला सांगणं तुमचं काम आहे, मग ती तुमच्याकडे राहो वा न राहो. संमतीने घटस्फोटाची वाट खुली असेल तर अर्जानंतर थांबायची सहा महिन्यांची मुदत माफ करण्याचा विचार कोर्ट २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाप्रमाणे करू शकतं. पण संमतीच्या अर्जात मुलाच्या भेटी आणि शिक्षणाचा खर्च मोघम सोडू नका. वर जायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, मुंबईच्या खर्चाचा धाक पक्षकाराला दाखवायचं आता कारण नाही.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी पक्षकाराला फोन करा. कोर्टाने सांगितलेलं नसेल तर उद्या मुलाला आणायचं नाही, त्याला शाळेत पाठवायचं, एवढं नक्की सांगा.