मियाटाचे गिअर गचके देतात? या चुका टाळा

माझ्दा एमएक्स-५, म्हणजेच अमेरिकेतली मियाटा, आपल्याकडे शोरूममध्ये मिळत नाही. परदेशी गेलेल्या आणि हाताने गिअर बदलायची हौस न सुटलेल्या माणसाच्या आवाक्यात बसणारी ही दोन सीटची गाडी. घेतल्यावर पहिली तक्रार हमखास ठरलेली: "पहिल्यावरून दुसऱ्याला टाकताना गचका बसतो." मग हात अजून जोरात चालवायला सुरुवात होते, आणि तिथेच गाडं अडतं.

घाई

थोडा हिशेब करू. २०१५ पासूनच्या सहा गिअरच्या गाडीत पहिल्या गिअरचं गुणोत्तर (गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनचे फेरे) ५.०८७ आहे, दुसऱ्याचं २.९९१, तिसऱ्याचं २.०३५ आणि चौथ्याचं १.५९४. पहिल्यात ५००० आरपीएमला गिअर बदलला, तर त्याच वेगाला दुसऱ्यात इंजिन साधारण २९५० वर असायला हवं. म्हणजे दोन हजारांहून जास्त आरपीएम उतरायचे आहेत, आणि त्याला वेळ लागतो. त्याआधी क्लच सोडला तर गाडी पुढे ढकलली जाते. फार उशिरा सोडला तर नाक खाली घालते. तिसऱ्यावरून चौथ्याला मात्र ५००० चे ३९०० च करायचे असतात, तिथे पटकन बदललेलं चालतं. सगळे गिअर एकाच तालात बदलणं हीच खरी चूक. पहिला-दुसरा निवांत, पुढचे भरभर.

न्यूट्रलमधून जाताना हात क्षणभर सैल सोडा. गिअरच्या तोंडाशी लिव्हर हलकेच टेकवून ठेवला की आतली पितळी सिंक्रो रिंग घर्षणाने दोन्ही बाजूंचा वेग जुळवते आणि गिअर आपोआप आत पडतो. त्याच्याशी कुस्ती केली तर झिजते ती रिंगच.

खाली आणताना रेस न देणं, किंवा सगळीकडे सारखीच देणं

चौथ्यात ३००० वर असताना तिसरा टाकायचा असेल तर इंजिन ३८०० च्या आसपास न्यावं लागतं. तिसऱ्यावरून दुसऱ्याला त्याच ३००० चे ४४०० होतात. म्हणून पायाचा दाब दोन्ही वेळी वेगळा. क्लच खाली असतानाच अॅक्सिलरेटरला छोटी टिचकी द्या, मग क्लच सोडा. रेस कमी पडली की मागची चाकं एकदम आवळल्यासारखी होतात. ही रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणारी गाडी आहे. ओल्या वळणावर असं झालं तर शेपूट फिरू शकते. ब्रेक दाबता दाबता टाचेने रेस देण्याचं कौतुक नंतर करा. आधी सरळ रस्त्यावर, ब्रेकशिवाय, कानाने आरपीएम ओळखता आले पाहिजेत.

मूठ घट्ट आवळणं

ही चूक सगळ्यात महागडी. तिसऱ्यावरून चौथ्याला जाताना लिव्हर सरळ मागे यायला हवा. हात ताठ असेल तर तो बाजूला सरकतो आणि दुसऱ्यात पडतो. ७००० आरपीएमला असं झालं आणि क्लच सुटला, तर इंजिन १०,००० च्या वर फेकलं जातं. रेव्ह लिमिटर (इंजिनचे आरपीएम मर्यादेत ठेवणारी यंत्रणा) इथे वाचवत नाही, कारण इंजिनला फिरवत असतात चाकं.

पुण्या-मुंबईत गाडी शिकून अमेरिकेत गेलेल्यांनी इथे विशेष सांभाळावं. आपल्याकडे गिअर डाव्या हाताशी असतो, त्यामुळे लिव्हर स्वतःकडे ओढला तर तो पाचव्या-सहाव्याच्या बाजूला जातो. तिकडे स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हातात, आणि स्वतःकडे ओढला की थेट पहिल्या-दुसऱ्याच्या रांगेत! जुनी सवय अशी उलटते. उपाय साधा आहे: मूठ वळू नका, चौथ्यात आणताना तळवा स्वतःच्या विरुद्ध दिशेला ठेवून दोन-तीन बोटांनी लिव्हर मागे घ्या. स्प्रिंग त्याला मधल्या रांगेत आणतेच.

ट्रॅफिकमधल्या दोन सवयीही सोडून द्या. लिव्हरवर हात टेकून बसल्याने गिअर सरकवणाऱ्या आतल्या शिफ्ट फोर्कवर विनाकारण दाब राहतो. आणि हाफ क्लचवर रांगत राहिल्याने क्लच प्लेट जळते.

दोष गाडीत असेल तर

थंडीत सकाळी दुसरा गिअर अडखळत असेल तर घाबरू नका. तेल घट्ट असतं. काही मैल सावकाश चालवा, कमी आरपीएमला बदला. गरम झाल्यावरही अडखळला तर गिअर ऑइलकडे बघा. डिफरन्शियलचं (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचं) उरलेलं तेल गिअरबॉक्समध्ये ओतण्याची काटकसर नको. त्यातली रसायनं सिंक्रोला लागणारं घर्षणच कमी करू शकतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेलाच ग्रेड वापरा. पहिल्या दोन पिढ्यांच्या, म्हणजे १९८९ ते २००५ मधल्या पाच गिअरच्या गाडीत लिव्हरच्या बुडाशी थोडंसं स्वतंत्र तेल आणि एक रबरी बूट (टोपण) असतो. तो फाटला आणि तेल आटलं की लिव्हर खडखडतो. बदलायचा खर्च किरकोळ, फरक मात्र लगेच हाताला कळतो.

शेवटी एक तपासणी. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना अलगद पडतात आणि चालू असताना पहिला किंवा रिव्हर्स करकरतो, तर पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाहीये. आधी पेडलखालचं फ्लोअर मॅट सरकवा. कित्येकदा तेच आडवं आलेलं असतं. मग क्लचच्या तेलाच्या डबीतली पातळी बघा (क्लचमध्ये ब्रेकचंच तेल असतं). जुन्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) गळणं नेहमीचं आहे, तेव्हा त्याचा रबरी बूट उचला. आत ओलं दिसलं तर सिलिंडर बदला आणि लाइनमधली हवा काढून घ्या.