जुन्या ठाण्यातल्या घरांची फेरी कशी काढावी

ठाण्याचा वारसा म्हटलं की मासुंदा तलाव, कौपिनेश्वराचं देऊळ, जेलच्या तटाआडचा किल्ला अशी नावं लगेच निघतात. खारकर आळी, चरई, चेंदणी, महागिरी या भागांतल्या जुन्या घरांचं नाव कुणी काढत नाही. त्यातली काही अजून उभी आहेत, नांदती आहेत आणि पुनर्विकासात एकेक करून जात आहेत. ती आहेत तोवर शेजाऱ्यांना, सोसायटीतल्या मुलांना दाखवायची असतील तर फेरी आपली आपण काढता येते. खर्च किरकोळ. निम्म्याहून जास्त काम घरवाल्यांचा विश्वास मिळवण्यात जातं.

आधी घरं, मग रस्ता

बरेच जण आधी नकाशावर रेघ मारतात आणि मग घरं शोधतात. उलट करा. हो म्हणणारी तीन-चार घरं आधी मिळवा, रस्ता त्यांना जोडून आपोआप ठरतो. ओळखीच्या माणसाला बरोबर घेऊन जा: आळीतला किराणावाला, भटजी, गणेशोत्सव मंडळातलं कुणी. संध्याकाळची वेळ बरी. पहिल्या भेटीत कॅमेरा बाहेर काढू नका, नुसतं बसा, ऐका. मग स्पष्ट विचारा, "काकू, येत्या महिन्यात एका रविवारी सकाळी दहा-बारा माणसं ओटीपर्यंत आणली तर चालेल का?"

"ओटीपर्यंत" हे आपणच म्हणायचं. माजघर, स्वयंपाकघर, देवघर मागायचं नाही. घरात पागडीचे (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कमी भाड्यात पिढ्यानपिढ्या राहणारे) भाडेकरू असतील तर मालक आणि भाडेकरू दोघांचाही होकार हवा. पुनर्विकासाचा वाद चालू असेल तर ते घर सोडून द्या, कारण आपली फेरी कुठल्या तरी बाजूची समजली जाते आणि त्रास तिथं राहणाऱ्यांना होतो. नकार आला तर त्या घरासमोर थांबून माहिती सांगणंही नको.

घर वाचायला शिका

वाटाड्याला हे यायलाच हवं. खालून वर बघत जा. दगडी जोतं (घराचा चौथरा), त्यावरची भिंत विटांची की कुडाची (काटक्या विणून मातीने लिंपलेली), गिलावा चुन्याचा की नंतर चढवलेला सिमेंटचा, मग सागवानी खांब, तुळया, वासे आणि शेवटी कौलं.

कौलं फार काही सांगतात. कुंभाराने थापलेलं नळीचं कौल अर्धगोल असतं. मंगलोरी कौल चपटं, खाचा असलेलं, एकमेकांत अडकणारं. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला त्याचा कारखाना १८६५ साली काढला, म्हणजे तशी कौलं त्याआधीची असूच शकत नाहीत. परसात उतरवून ठेवलेलं एखादं कौल दिसलं तर घरवाल्यांना विचारून उलटं करा. पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, क्वचित सालही. मुलांच्या हातात ते कौल द्या, अक्षरांवरून बोट फिरवू द्या. मात्र त्यावरून घराचं वय ठरवू नका. कौलं बदलली जातात, जोतं आणि खांब त्याहून जुने असू शकतात. दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून नीट लावणं, कोण करायचं, आता तो माणूस मिळतो का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाच सांगू द्या. एवढं जिवंत बोलणं कुठल्याही माहितीफलकावर मिळत नाही.

ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगा: "पणजोबांनी बांधलं असं घरचे सांगतात." कागदाचा आधार हवा असेल तर घरवाल्यांकडे जुनं मालमत्ता पत्रक असतं, त्यांनी आपणहून दाखवलं तर बघा. मालकीचे तपशील चारचौघांत वाचू नका. शहराच्या इतिहासासाठी १८९३ सालचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहेच.

रस्ता बांधताना

घरांच्या मधली जागा सार्वजनिक वास्तूंनी भरा. स्टेशनपासून सुरुवात सोयीची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथवर आली, आणि चेंदणी कोळीवाडा स्टेशनला लागूनच आहे. पुढे तलावपाळी, कौपिनेश्वर (सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी १७६० साली जीर्णोद्धार केलेलं), टेंभी नाका. बेने इस्राएलांचं (कोकणातल्या ज्यूंचं) १८७९ सालचं सिनेगॉग आत बघायचं असेल तर विश्वस्तांना आधी विचारा. शनिवार त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी नको. रविवारी चर्चमध्ये प्रार्थना असते, बाहेरून बघून पुढे चला. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. किल्ल्याचा तट १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून. आता तिथं कारागृह आहे, फोटो काढू नका.

डिसेंबर-जानेवारी उत्तम. १८ एप्रिलच्या जागतिक वारसा दिनाचा मोह होतो, पण त्या उकाड्यात ज्येष्ठांना दोन तास चालवू नये. सकाळी सातला निघा, म्हणजे जांभळी नाक्यावर बाजाराची गर्दी वाढायच्या आत पलीकडे जाता येतं. पंधराच्या वर माणसं घेऊ नका, ओटीवर तेवढीच मावतात. एक जण पुढे, एक शेवटी.

निघण्यापूर्वी सगळ्यांना सांगा: चपला कुठे काढायच्या, फोटो विचारल्याशिवाय नाही, घराचा पत्ता आणि आतली चित्रं मोबाइलवर पसरवायची नाहीत. एकटे राहणारे वृद्ध असतील तर हा नियम फार कडक पाळा. तिकीट मुळीच लावू नका, माझं हे मत ठाम आहे. पैसे घेतले की आलेला माणूस पाहुणा राहत नाही आणि सगळं घर बघण्याचा हक्क सांगायला लागतो.

फेरीनंतर आठवड्याच्या आत प्रत्येक घरी परत जा. काढलेल्या फोटोंच्या छापील प्रती द्या, त्यांनी सांगितलेल्या आठवणी लिहून काढल्या असतील तर त्यांना वाचून दाखवा आणि चुका दुरुस्त करून घ्या. पुढच्या वेळी माजघर दाखवायचं का, हा विषय त्यांनी काढला तर काढू द्या. आपण काढायचा नाही.