मे महिन्यातला जलरंग वर्ग: आधी पंखा बंद करा

सुट्टीच्या वर्गात पहिल्याच दिवशी रंगपेटी उघडली की आठवड्याभरात प्रत्येकाचं सूर्यास्ताचं चित्र तयार होतं. घरचे खूश होतात, आणि जूनमध्ये मुलाला साधा तांब्या काही जमत नाही. तेरा ते सोळा वयाची मुलं चार आठवडे हाताशी असतील तर पहिला आठवडा फक्त पेन्सिलीचा, दुसरा एकाच रंगाचा, तिसऱ्यात रंगपेटी आणि चौथ्यात बाहेर, असा क्रम ठेवावा. जलरंगात शिकवण्यासारखी खरी गोष्ट एकच आहे: कागदावर आत्ता पाणी किती आहे आणि ते किती वेळ टिकणार आहे, हे ओळखणं.

एका शिक्षकामागे आठच मुलं घ्या. वॉश, म्हणजे कागदावर एकसारखा पसरलेला पातळ रंगाचा थर, बिघडायला अर्धं मिनिट पुरतं; पंधरा मुलं असली की तुम्ही पोचेपर्यंत डाग वाळून बसलेला असतो. वेळ सकाळी 7 ते 9.

सामान

ब्रशवर काटकसर चालेल, कागदावर नको. शाळेच्या वहीचा कागद दोन वॉशमध्ये पापडासारखा वर येतो आणि खड्ड्यांत रंग साचतो. 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पोताचा) कागद घ्या. 22 × 30 इंचांच्या एका शीटचे 7.5 × 11 इंचांचे आठ तुकडे होतात, सरावाला तेवढा आकार भरपूर झाला. माणशी चार शीट धरा. हातकागद वापरायचा असेल तर आधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब लगेच आत शोषला गेला आणि मागची बाजू ओली झाली, तर त्या कागदाला खळ कमी आहे. त्यावर वॉश सरकणार नाही.

गोल ब्रश 4, 8 आणि 12 नंबरचे, सिंथेटिक चालतील. पेन्सिल 2बी; एचबी दाबून वापरली की कागदावर चर पडते आणि रंग नेमका त्या चरीत गडद बसतो. कागदापेक्षा थोडा मोठा प्लायचा तुकडा, मास्किंग टेप, जुना सुती पंचा आणि पाण्याचे दोन डबे, एक ब्रश धुवायला आणि दुसरा रंग कालवायला. एकच डबा ठेवला तर तासाभरात सगळ्या चित्रांना सारखाच राखाडी रंग चढतो.

ट्यूबा सात: लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. सेटमधल्या काळ्या, पांढऱ्या आणि तयार हिरव्या ट्यूबा पहिल्या दिवशीच गोळा करून कपाटात ठेवा. मुलं कुरकुर करतील, करू द्या.

पहिला आठवडा: तांब्या

रोज एकच वस्तू, वीस-वीस मिनिटांची चार रेखाटनं. तांब्या, मडकं, वरवंटा, स्टीलचा डबा. तांब्याच्या तोंडाची लंबवर्तुळं मुलं बदामासारखी टोकदार काढतात आणि बुडाला सरळ रेघ मारतात. कारण साधं आहे: तांब्या टेबलावर सपाट बसला आहे हे त्यांना माहीत असतं, आणि हात माहितीप्रमाणे चालतो, डोळ्याप्रमाणे नाही. काचेचा ग्लास अर्धा पाण्याने भरून डोळ्यांसमोर धरायला सांगा. पाण्याची पातळी नजरेच्या उंचीला आली की नुसती रेघ दिसते, ग्लास जसजसा खाली न्याल तसतसं वर्तुळ उघडत जातं. म्हणजे तांब्याचं बूड तोंडापेक्षा जास्त गोल दिसायला हवं. हे दोन मिनिटांत पटतं, फळ्यावर कितीही समजावलं तरी पटत नाही.

आठवड्याच्या शेवटी उजेड एकाच खिडकीतून येईल असं करा आणि कोऱ्या कागदापासून सर्वांत गडदपर्यंत पाच छटांच्या चौकटी करून घ्या. छटा चुकली का हे तपासायला मोबाइल कामाचा आहे: वस्तू आणि चित्र दोन्हींचा फोटो कृष्णधवल करून शेजारी ठेवा. मोबाइलवरून चित्र उतरवायला मात्र देऊ नका. कॅमेरा सावल्या काळ्याठिक्कर करतो, प्रत्यक्षात त्यांत पुष्कळ रंग असतो.

दुसरा आठवडा: वॉश

आता पंखा बंद. उन्हाळ्यात ही सूचना कुणालाच आवडत नाही, पण पंख्याखाली कागद एका बाजूने वाळतो आणि वॉशला पट्टे पडतात. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात पातळ वॉश एक-दोन मिनिटांत वाळतो, रत्नागिरीच्या दमट हवेत तोच वॉश पंधरा मिनिटं ओला राहू शकतो. त्यामुळे दुसऱ्या गावच्या शिक्षकाने सांगितलेली मिनिटं पाठ करून उपयोग नाही. कोरड्या हवेत कागद आधी ओल्या पंच्याने दोन्ही बाजूंनी पुसून घ्या, तेवढीच सवड मिळते.

बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन मिसळून एक गडद करडा रंग करा. हरभऱ्याच्या दाण्याएवढा रंग, दोन चहाचे चमचे पाणी, एका वाटीत आणि एकदमच. वॉश अर्ध्यावर आल्यावर रंग संपला तर पुन्हा कालवलेला रंग जुळत नाही आणि जोड दिसतो. फळीला वरच्या बाजूने दोन बोटं टेकण द्या. 12 नंबरचा ब्रश पूर्ण भरून डावीकडून उजवीकडे एकच फटका मारा. खालच्या कडेला रंगाची जाडसर धार साचेल. पुढचा फटका त्या धारेला टेकवून मारायचा, म्हणजे धार खाली उतरत जाते. शेवटी उरलेली धार पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायची. नाही टिपली तर ती उलटी वर चढते आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कुरळ्या कडेचा डाग पडतो.

हाच डाग मध्येच ब्रश लावला तरी पडतो. अर्धवट वाळलेल्या थरावर जास्त ओला ब्रश टेकला की नवं पाणी आधीचा रंग बाहेर ढकलतं. म्हणून नियम असा: कागद चकाकतोय तोवर त्यात दुसरा रंग सोडता येतो, चकाकी गेली की हात मागे, आणि बोटांच्या मागच्या बाजूला कागद गार लागेनासा झाला की दुसरा थर. ओला दिसणारा रंग वाळल्यावर एक छटा फिका होतो, तेव्हा पहिला थर बिचकत बिचकत देऊ नये.

या आठवड्यात सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र मुलांना दाखवा. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये असलेलं हे चित्र जलरंगातलं आहे, हे पुष्कळांना खरंच वाटत नाही. भोवतीचा अंधार उतरत्या छटांनी बांधला म्हणून दिव्याचा उजेड जाणवतो. उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो, हे त्यातून आपोआप कळतं.

तिसरा आठवडा: आंबा

पिवळ्या आंब्याची सावली मुलं पिवळ्यात काळा घालून करायला जातात आणि आंबा हिरवा पडतो. म्हणून तर काळी ट्यूब कपाटात आहे. यलो ऑकर, मग त्यात थोडा बर्न्ट सिएना, आणि सर्वांत खोल जागी क्रिमसन-अल्ट्रामरीनचा जांभळा ब्रशच्या अगदी टोकावर घेऊन. चमकेची जागा आधीच कोरी सोडायची. एका चित्रात तीनपेक्षा जास्त थर नकोत, चौथ्या थराला खालचा रंग उकरून चिखल होतो. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसणाऱ्यांचा स्थिरचित्राचा सराव इथेच होतो, वेगळा तास नको.

चौथा आठवडा: बाहेर

पावणेसातला जागेवर, पावणेनऊला सामान आवरलेलं. माणशी दोन लिटर पाणी, त्यातलं निम्मं प्यायला. छत्री पांढरी, करडी किंवा काळी. लाल छत्रीखाली कागद गुलाबी होतो आणि सगळे रंग चुकतात. कागदावर थेट ऊन नको. उन्हात चित्र उजळ भासतं, मुलं रंग गडद करत जातात आणि घरी आणल्यावर ते काळवंडलेलं निघतं.

रोज नवी जागा शोधू नका. चित्रकार आबालाल रहमानांनी कोल्हापुरातला कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. आपल्यालाही चार दिवस एक वाडा किंवा एकच घाट पुरतो. बसल्यावर आधी सावल्यांच्या कडा पेन्सिलीने नोंदवा, अर्ध्या तासात त्या सरकलेल्या असतात.

मेमध्ये गुलमोहर टाळता येत नाही. मुलं ठिपके देत सुटतात आणि झाडाला गोवर आल्यासारखं दिसतं. डोळे किलकिले करून झाडाचे चार-पाच मोठे झुबके ठरवा. उन्हाची बाजू व्हर्मिलियनमध्ये लेमन यलो घालून, ओल्यातच खालच्या अंगाला क्रिमसन. पूर्ण वाळल्यावरच पानांचा हिरवा, तोही झुबक्यांच्या मधल्या फटींत. लाल ओला असताना हिरवा टेकला तर दोन्हींचा मिळून शेणाचा रंग होतो. झुबक्यांतून आकाशाची दोन-तीन भोकं सोडा, नाहीतर झाड ताटासारखं चपटं दिसतं.

घरी आल्यावर पॅलेट उघडं ठेवून रात्रभर वाळवा. कोकणात ते ओलं मिटलं तर आठवड्याभरात रंगांवर बुरशी धरते. चित्रंही गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सपाट फाइलमध्ये, पावसाळ्यात भिंतीला न टेकवता ठेवा.